अंकल मुळात मामा होता

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

नात्यांच्या चाळीस इंग्रजी शब्दांची तू केलेली यादी वाचली. मेहनत घेतली आहेस, पण दोन रकाने पुन्हा लिहावे लागतील. 'अर्थ' या रकान्यात प्रत्येक इंग्रजी शब्दापुढे एकच मराठी शब्द आहे, आणि 'मूळ' या रकान्यात कानाला जे जवळचं वाटलं ते. नात्यांच्या शब्दांत हे दोन्ही अंगाशी येतं. हे शब्द फार जुने असतात, रोज तोंडात असल्यामुळे झिजलेले असतात आणि त्यांचा अर्थ कुणाच्या लक्षात न येता एका माणसावरून दुसऱ्या माणसावर सरकतो. प्रस्तावनेतलं 'इंग्रजीत नात्यांना शब्दच कमी' हे वाक्यही काढून टाक. शब्द होते. काही गेले, आणि जे राहिले तेही एकेकाळी आपल्या मामा-मावशीइतकेच नेमके होते. ते कसे सैल झाले, हे दाखवणं हेच तुझ्या यादीचं काम आहे.

पहिल्याच ओळीपासून सुरुवात करतो. 'सन' आणि 'सून' एकाच मुळाचे असं तू लिहिलं आहेस. ती ओळ खोड. 'सन'चं जुनं इंग्रजी रूप 'सुनु'. त्याचा संस्कृतातला भाऊबंद 'सूनु', म्हणजे मुलगा. दोघांच्या मागे जन्म देणं या अर्थाचा धातू आहे, तोच आपल्या 'प्रसूती'त आहे. आपली सून आली ती 'स्नुषा'वरून: प्राकृतात 'सुण्हा', मग 'सून'. म्हणजे दिसायला जुळे आणि कुळ वेगवेगळं. पण खरी जोडी वेगळीच आहे. जुन्या इंग्रजीत 'स्नोरु' असा शब्द होता, अर्थ सून, आणि तो 'स्नुषा'चा सख्खा नातलग. लॅटिनमध्ये तोच 'नुरुस' झाला. इंग्रजीनं 'स्नोरु' टाकून दिला, मराठीनं सून सांभाळली. तुझ्या यादीत 'स्नोरु' नाही, कारण तू फक्त आज जिवंत असलेले शब्द घेतलेस. मेलेले शब्द घेतल्याशिवाय ही यादी पुरी होणार नाही.

आता ओळखायचं कसं, ते सांगतो. संस्कृत आणि इंग्रजी यांच्यातलं नातं नियमानं चालतं. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये ते नियम नीट मांडले. संस्कृतात 'प' असेल तिथे इंग्रजीच्या शाखेत 'फ' येतो: पितृ आणि फादर, पाद आणि फूट. 'भ'च्या जागी 'ब': भ्रातृ आणि ब्रदर. 'द'च्या जागी 'ट': द्वि आणि टू, दश आणि टेन. संस्कृत 'ज'च्या जागी पुष्कळदा 'क' येतो: 'जन' आणि 'किन' एकाच घरचे. 'जानु' आणि गुडघ्याचा 'नी' हेही तसेच. त्या 'नी'च्या स्पेलिंगमध्ये न उच्चारला जाणारा 'के' अजून बसलेला आहे. म्हणून दोन शब्द हुबेहूब सारखे दिसले की आधी शंका घ्यायची. हजारो वर्षांपूर्वी वेगळे झालेले भाऊ इतके सारखे क्वचितच दिसतात. मात्र 'स' बहुतेक ठिकाणी 'स'च राहतो, त्यामुळे 'सन' आणि 'सून' या जोडीला हा नियम अडवत नाही. तिथे मराठी शब्दाचं प्राकृत रूप शोधणं एवढाच उपाय.

फादर, मदर, ब्रदर या तिघांच्या शेवटी आज एकच आवाज ऐकू येतो, म्हणून तू तिघांना एकाच कंसात घातलंस. इथे एक सुंदर गाठ आहे, ती सुटू देऊ नकोस. जुन्या इंग्रजीत रूपं होती 'फॅडर', 'मोडोर', पण 'ब्रोथोर'. पहिल्या दोघांत 'ड', तिसऱ्यात 'थ'. संस्कृतात तिघांतही 'त' आहे. मग एकाच 'त'चे दोन आवाज का व्हावेत? डेन्मार्कचे कार्ल व्हर्नर यांनी १८७०च्या दशकात याचं उत्तर दिलं, आणि ते सापडलं वैदिक स्वरांत. वेदपाठात 'भ्राता'चा उदात्त, म्हणजे आघाताचा स्वर, पहिल्या अक्षरावर आहे, 'पिता' आणि 'माता' यांचा शेवटच्या अक्षरावर. आघात 'त'च्या लगेच आधी असला की 'थ' तसाच राहिला. आघात पुढे असला की तो मऊ होऊन 'द'कडे, 'ड'कडे गेला. इंग्रजीच्या शाखेतल्या भाषांनी तो जुना आघात हरवला होता. आपल्याकडे वेद मुखोद्गत म्हणणाऱ्या घनपाठ्यांच्या तोंडी तो टिकला. पुढे पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या सुमाराला इंग्रजीत 'र'च्या आधीचा 'ड' बदलून 'दर'सारखा उच्चार रूढ झाला; 'वेदर' आणि 'गॅदर' या शब्दांचंही तेच झालं. म्हणून आज तिघं सारखे दिसतात. पडताळा हवा असेल तर जर्मन शब्द बघ: 'फाटर', 'मुटर', पण 'ब्रूडर'. तिथे तो जुना भेद अजून उघडा आहे. 'स्नुषा'चा आघातही शेवटीच होता, आणि 'स्नोरु'तला 'र' त्याच नियमानं आलेला आहे.

एका जातीच्या शब्दांना मात्र हे नियम लावायचेच नाहीत: ममा, पापा, डॅड, बाबा, आई, मामा. ही पाळण्यातली बोली. ओठ मिटले-उघडले की 'म', 'ब', 'प' निघतात. मूल तेच आधी काढतं, आणि मोठी माणसं ते स्वतःला लावून घेतात. त्यावरून कुळ ठरत नाही. जॉर्जियन भाषेत 'मामा' म्हणजे बाप आणि 'देदा' म्हणजे आई. इंग्रजी 'ममा' आणि आपला मामा यांची मोट बांधलेली ओळही काढ.

संस्कृतातल्या व्युत्पत्तींबद्दलही सावध राहा. त्या आपल्या आहेत म्हणून बरोबर ठरत नाहीत. 'डॉटर' आणि 'दुहिता' एकच, यात शंका नाही. ग्रीकमध्ये 'थुगातेर' आहे. 'डॉटर'च्या मधला 'जीएच' आज मुका असला तरी पूर्वी घशातून उच्चारला जाई. पण 'दुहिता म्हणजे दूध काढणारी' ही जोडणी यास्कांच्या 'निरुक्त' या प्राचीन व्युत्पत्तिग्रंथातल्या अनेक पर्यायांपैकी एक आहे. तिथेच 'दूरे हिता' असाही एक पर्याय आहे, म्हणजे दूर राहिली तरच बरी! एकाच शब्दाला चार मुळं दिली जातात तेव्हा ते अंदाज असतात. नोंदीत 'परंपरागत निरुक्ती' असं लिही, 'मूळ' लिहू नकोस. 'विडो' आणि 'विधवा' यांचं तसंच. शब्द एकच आहे, लॅटिन 'विदुआ'ही तोच. पण 'वि' अधिक 'धव', म्हणजे नवरा नसलेली, ही फोड मागाहून झाली. मूळ अर्थ विलग झालेली, एकटी पडलेली असा होता. 'विधवा'मधून 'वि' वेगळा काढून 'धव' हा नवरा नंतर तयार केला गेला. इंग्रजीत 'विडोअर' हा पुरुषवाचक शब्द स्त्रीवाचकावरून बनला, असं क्वचित घडतं.

आता मुख्य भाग. 'अंकल' आणि 'आंट' हे दोन्ही शब्द इंग्रजीत १३०० सालाच्या आसपास फ्रेंचमधून आले. 'अंकल'च्या मागे लॅटिन 'अवुंकुलुस' आहे. 'अवुस' म्हणजे आजोबा. पुढचा भाग लहानपणा दाखवतो. म्हणजे 'धाकटा आजोबा', आणि अर्थ एकच: आईचा भाऊ. काकाला लॅटिनमध्ये वेगळा शब्द होता, 'पत्रुउस', आपल्या 'पितृव्य'चा जोडीदार. रोमन लेखनात हा काका कडक, कान उपटणारा म्हणून येतो. 'आंट' आली 'अमिता'वरून, अर्थ फक्त आत्या, मावशीला 'मातेर्तेरा'. आपल्याकडच्या अमितांचा या लॅटिन आत्याशी काही संबंध नाही, हेही जाता जाता टीपेत घाल, कुणीतरी विचारेलच. थोडक्यात, 'अंकल' मुळात मामा होता आणि 'आंट' मुळात आत्या. आज दोन्ही शब्द चारी बाजूंना लागतात.

हा सैलपणा इंग्रजीनं आणला असं लिहू नकोस. फ्रेंचमध्येच 'पत्रुउस' आणि 'मातेर्तेरा' मागे पडले होते आणि उरलेल्या दोघांनी त्यांची जागा घेतली होती. इंग्रजीत उलट त्या वेळी चारही वेगळे शब्द होते: 'एआम' म्हणजे मामा, 'फेडेरा' म्हणजे काका, 'फाथु' म्हणजे आत्या, 'मोद्रिये' म्हणजे मावशी. १०६६ मध्ये नॉर्मन आले, दरबार आणि कज्जे फ्रेंचमध्ये चालू लागले, आणि पुढच्या काही शतकांत हे चौघे गेले. 'एआम' स्कॉटलंडच्या आणि उत्तर इंग्लंडच्या बोलीत 'ईम' म्हणून बराच काळ टिकला. घरातले सहा शब्द, म्हणजे आई, बाप, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, इंग्रजीनं आपलेच ठेवले; उंबऱ्याबाहेरची माणसं फ्रेंच झाली. तुझ्या यादीची विभागणी अशी केलीस तर वर्णक्रमापेक्षा जास्त कळेल. त्यातही 'सिस्टर'पुढे खूण कर. जुनं इंग्रजी रूप 'स्वेओस्टोर' होतं. आजच्या रूपावर उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांच्या 'सिस्टिर'चा ठसा आहे.

जुना अर्थ पूर्ण मेलेला नाही, हेही ध्यानात ठेव. मानववंशशास्त्रात लग्नानंतर जोडपं नवऱ्याच्या मामाकडे राहतं त्या रीतीला 'अव्हंक्युलोकल' म्हणतात. तिथे 'काकागृही' असं भाषांतर केलंस तर सगळा मजकूर उलटा होईल. साध्या गद्यातला 'अव्हंक्युलर' मात्र नुसता वडीलकीचा, प्रेमळ.

भाषांतरात 'अंकल' आला की मजकुरात शोधायचा क्रम असा ठेव. 'पॅटर्नल' की 'मॅटर्नल' हे विशेषण जवळपास आहे का? नसेल तर आडनाव बघ; पुतण्याचं आणि त्याचं आडनाव एक असेल तर बहुधा काका. मग वारसाहक्काचा उल्लेख कुठे आहे का ते पाहा. शेवटी हा माणूस रक्ताचा की लग्नानं आलेला, म्हणजे आत्याचे किंवा मावशीचे यजमान तर नव्हेत, ते तपास. हॅम्लेटच्या अंकलला काका म्हणायला आपल्याला अडचण येत नाही, कारण तो बापाचा भाऊ असल्याचं नाटकात स्पष्ट आहे. त्याच नाटकात हॅम्लेटच्या तोंडचं पहिलंच वाक्य 'किन' आणि 'काइंड' यांच्यावर खेळतं. हे दोन्ही शब्द 'जन'च्या घराण्यातले आहेत, नात्याचा आणि स्वभावाचा अर्थ एकाच मुळातून फुटलेला. पण प्रत्येक मजकूर इतका दयाळू नसतो. काहीच सापडलं नाही तर 'अंकल' तसाच राहू दे. चुकीचा काका घालण्यापेक्षा ते बरं.

'नेफ्यू' आणि 'नीस' यांचा प्रवास याहून लांबचा. लॅटिन 'नेपोस' म्हणजे नातू किंवा वंशज; पुढे भाचा-पुतण्याही. संस्कृतात 'नपात्' आणि 'नप्तृ'. 'नप्तृ'वरून आपला 'नातू'. म्हणजे 'नेफ्यू' आणि 'नातू' सख्खे, आणि इथे मराठीनं जुना अर्थ धरून ठेवला आहे. इंग्रजीतही नातवाचा अर्थ सतराव्या शतकापर्यंत चालू होता. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये, तिमथीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात, विधवेची मुलं किंवा 'नेफ्यूज' असा उल्लेख आहे. तिथे अर्थ नातवंडं. शेक्सपिअरच्या १६१६ च्या मृत्युपत्रात एलिझाबेथ हॉलला 'नीस' म्हटलं आहे, आणि ती त्याच्या मुलीची मुलगी. सतराव्या शतकातला किंवा त्याआधीचा दस्तऐवज हातात असेल तर 'नीस' दिसताच पुतणी लिहायची नाही. आधी वंशावळ. मराठीत पुतणी आणि भाची असा भेद पाळावाच लागतो, त्यामुळे तुझ्या नोंदीत एक शब्द नसून निदान तीन हवेत: पुतणी, भाची, जुन्या मजकुरात नातही.

'नेपोटिझम', म्हणजे नातलगांची वर्णी लावणं, हे याच झाडाला लागलेलं फळ. पोपना औरस संतती असणं शक्य नव्हतं. मग ते पुतण्या-भाच्यांना कार्डिनल करत. काही 'पुतणे' प्रत्यक्षात मुलगेच असत. इटालियन 'निपोते' भाचा, पुतण्या आणि नातू या तिघांनाही आजही लागतो, तेव्हा शब्द सोयीचा होता. १६९२ मध्ये पोप बारावा इनोसंट याने फर्मान काढून हा प्रकार आवरला.

लग्नानं जुळणाऱ्या नात्यांकडे ये. इथे इंग्रजीनं सगळ्यात जास्त गमावलं आणि मराठीनं सगळ्यात जास्त राखलं. संस्कृत 'देवृ', मराठी 'दीर'. जुन्या इंग्रजीत 'टाकोर', अर्थ तोच, नवऱ्याचा भाऊ. 'द'चा 'ट' झाला आहे, वरचा नियम आठव. लॅटिनमध्ये 'लेविर', त्यावरून भावाच्या विधवेशी दिरानं लग्न करण्याच्या रीतीला 'लेव्हिरेट' म्हणतात. 'श्वशुर', 'सासरा', जुनं इंग्रजी 'स्वेओर'. 'श्वश्रू', 'सासू', जुनं इंग्रजी 'स्वेगर'. हे सगळे गेले आणि त्यांच्या जागी चौदाव्या शतकाच्या आसपास 'इन-लॉ'ची शेपटी आली. यातला लॉ म्हणजे दिवाणी कायदा नव्हे, चर्चचा कायदा. नवरा-बायको एकदेह मानले, की बायकोची बहीण चर्चच्या दृष्टीनं बहीणच, आणि तिच्याशी लग्न निषिद्ध. हा निषेध इतका टिकला की इंग्लंडात मृत पत्नीच्या बहिणीशी लग्न करण्याची मोकळीक १९०७ च्या कायद्यानं मिळाली, आणि मृत भावाच्या विधवेशी लग्नाची १९२१ मध्ये. आपल्याकडे मेहुणीशी दुसरं लग्न होत आलं, म्हणून 'सिस्टर-इन-लॉ' या शब्दातली ती मनाई आपल्या कानाला ऐकू येत नाही. एकोणिसाव्या शतकापर्यंत 'मदर-इन-लॉ' सावत्र आईलाही म्हणत. जुन्या कादंबरीत अविवाहित मुलाची 'मदर-इन-लॉ' भेटली तर गोंधळू नकोस.

'सिस्टर-इन-लॉ'साठी तू 'वहिनी' लिहिलंस. नणंद, जाऊ, मेहुणी, वहिनी, भावजय हे सगळे त्यात येतात. निवडण्यासाठी एकच प्रश्न विचार: दोघांमध्ये कुणाचं लग्न उभं आहे? बोलणाऱ्याच्या भावाचं असेल तर वहिनी किंवा भावजय, बोलणारा पुरुष असून स्वतःचं असेल तर मेहुणी, बोलणारी स्त्री असून स्वतःचं असेल तर नणंद, आणि मध्ये दोन लग्नं असतील तर जाऊ. 'भावजय'मध्ये 'भ्रातृजाया' अजून जवळजवळ अख्खी आहे. साडू आणि जाऊ यांच्यासाठी दक्षिण आशियातल्या इंग्रजीत 'को-ब्रदर', 'को-सिस्टर' असे शब्द चालतात, 'कझिन ब्रदर'ही. त्यांना चुका म्हणू नकोस, 'भारतीय इंग्रजी' अशी खूण कर. व्याही आणि विहीण यांना रूढ इंग्रजी शब्द नाही. वर्णनच करावं लागतं. आणि उलट दिशेनं एक खड्डा: जुन्या मराठी कथेत सून सासऱ्याला 'मामंजी' आणि सासूला 'आत्याबाई' म्हणते. मामेबहिणीशी लग्न ही आपल्याकडची जुनी, पसंतीची रीत. इरावती कर्वे यांच्या नातेसंबंधांवरच्या १९५३ च्या ग्रंथात तिची तपशीलवार चर्चा आहे. त्या लग्नात मुलीची आत्या खरंच सासू होते. इंग्रजीत 'आंट' आणि 'अंकल' लिहिलं तर वाचकाला ही सून कुणाच्या घरी राहते तेच कळणार नाही.

'स्टेप'मध्ये पायरी किंवा पाऊल नाही. जुन्या इंग्रजीतला 'स्टेओप' म्हणजे पोरकं, हरवून बसलेलं. 'स्टेओपचिल्ड' म्हणजे अनाथ मूल. आधी मूल पोरकं झालं, मग त्या मुलाचा बाप, त्याची आई असे शब्द बनले. मराठी 'सावत्र'मध्ये 'सवत' आहे. एका भाषेनं पोरक्या मुलाकडून पाहिलं, दुसरीनं दोन बायकांच्या घरातून. पण अर्थाच्या रकान्यात हे पुरत नाही. 'हाफ-ब्रदर'शी आई किंवा बाप यांपैकी एक जण समान असतो. 'स्टेप-ब्रदर'शी कुणीच समान नसतं. मराठीत दोघेही सावत्र. गोष्टीत चालेल, कागदपत्रात नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात पूर्ण रक्ताचे, अर्ध्या रक्ताचे आणि एकाच आईचे पण वेगळ्या बापांचे असे तीन गट आहेत, आणि १९५६ च्या वारसा कायद्याच्या परिशिष्टात भाऊ-बहीण म्हणताना या तिसऱ्या गटाला वगळलं आहे. दस्तऐवजात 'सावत्र भाऊ' एवढंच लिहून थांबलीस तर वाटणीत कोण आहे आणि कोण नाही हे ठरणार नाही. 'एक बाप, वेगळ्या आया' असं सरळ लिही.

काही शब्दांना फार जागा देऊ नकोस. 'हज्बंड' नॉर्स भाषेतून: घर आणि त्यात राहणारा, घरधनी, म्हणून शेती आणि पशुपालन यांना 'हज्बंड्री'. 'वाइफ' मुळात नुसती बाई. 'मिडवाइफ'मधला 'मिड' म्हणजे 'सोबत', बाळंतिणीसोबत असणारी. 'ब्राइडग्रूम'मध्ये घोड्याचा मोतद्दार नाही: जुना 'गुमा' म्हणजे पुरुष, तो शब्द विसरला गेला तेव्हा लोकांनी ओळखीचा 'ग्रूम' बसवला. 'गॉसिप' म्हणजे आधी 'गॉडसिब', बाप्तिस्म्याच्या वेळचे मानलेले आईबाप. मग जवळची मैत्रीण, मग तिच्याशी चालणाऱ्या गप्पा. त्यातला 'सिब' म्हणजे नातलग. 'सिब्लिंग'मध्ये तोच, पण भाऊ-बहीण हा आजचा अर्थ विसाव्या शतकातला आहे. 'फॅमिली'च्या मुळाशी 'फामुलुस', घरचा चाकर. रोमन 'फामिलिया'त गुलामही मोजत. 'ग्रँडफादर'मधला 'ग्रँड' फ्रेंच, आणि इंग्रजांनी तोच खाली नातवालाही लावला, त्यामुळे लहान मूल 'ग्रँड' झालं. फ्रेंच त्याला 'धाकटा मुलगा' म्हणतात, जे जास्त शहाणपणाचं आहे.

'कझिन'ची नोंद तू दोन ओळींत उरकलीस. इथे थांब. पहिली गोष्ट मोजणीची. दोघांचा समान पूर्वज शोध. दोघांपासून त्याच्यापर्यंत किती पिढ्या वर जावं लागतं ते वेगवेगळं मोज, स्वतःला शून्य धरून. लहान आकड्यातून एक वजा कर: तो 'फर्स्ट', 'सेकंड', 'थर्ड'. दोन आकड्यांतला फरक म्हणजे 'वन्स रिमूव्ह्ड', 'ट्वाइस रिमूव्ह्ड'. वडिलांचा चुलतभाऊ घे. समान पूर्वज तुझे पणजोबा: तुझ्यापासून तीन, त्याच्यापासून दोन. दोनातून एक गेला, राहिला एक, फरक एक. 'फर्स्ट कझिन वन्स रिमूव्ह्ड'. त्याला 'सेकंड कझिन' म्हणणं ही इंग्रज लोकही सर्रास करतात अशी चूक. आजोबांच्या चुलतभावाचा नातू: खापरपणजोबांपर्यंत दोघांकडून चार पिढ्या, म्हणून 'थर्ड कझिन'. आणि 'रिमूव्ह्ड' दोन्ही दिशांना सारखंच लागतं: वडिलांचा चुलतभाऊही तेच आणि चुलतभावाचा मुलगाही तेच. मराठीत एक काका आणि दुसरा पुतण्या. वय किंवा पिढी कळल्याशिवाय भाषांतर करू नकोस.

मोजणीच्या तीन पद्धती एकमेकींत मिसळतात, तेही नोंदव. रोमन पद्धतीत वर आणि खाली दोन्ही पायऱ्या मोजत, म्हणून सख्खे चुलतभाऊ चौथ्या 'डिग्री'त. मध्ययुगीन चर्च एकाच बाजूच्या पायऱ्या मोजे, म्हणून तेच दुसऱ्या 'डिग्री'त. १२१५ मध्ये चर्चच्या चौथ्या लॅटरन परिषदेनं लग्नबंदी सातव्या 'डिग्री'वरून चौथ्यावर आणली, ती या चर्चच्या मोजणीनं. म्हणजे 'थर्ड कझिन'पर्यंत. आपल्या हिंदू विवाह कायद्यातली सपिंड नात्याची, म्हणजे लग्नाला आड येणाऱ्या जवळच्या रक्तनात्याची, मोजणी आणखी वेगळी: आईकडून तीन आणि बापाकडून पाच पिढ्या, पण त्यात माणूस स्वतःलाच पहिली पिढी धरतो. इंग्रजी कझिन मोजताना आपण शून्यापासून सुरू करतो. हा एकाचा फरक विसरला की सगळी वंशावळ एका पायरीनं घसरते.

प्रत्येक नोंदीत मग पाच गोष्टी येऊ देत: सगळ्यात जुनं सापडणारं रूप, इंग्रजीत तो शब्द घरचा की फ्रेंचमधून आलेला, आणि कधी, त्या वेळचा नेमका अर्थ, आजचा अर्थ, सगळ्या मराठी पर्यायांसह, आणि ध्वनिनियमानं सिद्ध झालेला मराठी किंवा संस्कृत नातलग असेल तर तो. मराठी बाजू तपासायला टर्नर यांचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा व्युत्पत्ति कोश दोन्ही बघ. दोघांत मतभेद असेल तिथे दोन्ही मतं दे, स्वतः पंच होऊ नकोस. पाचवी जागा रिकामी राहिली तर राहू दे.

एक रिकामी जागा मात्र भर. 'सिस्टर'पुढे तू लिहिलं आहेस: 'संस्कृत स्वसृ, मराठीत वंशज नाही'. बहीण 'भगिनी'वरून आली, म्हणून तुला तसं वाटलं. 'कझिन'चं मूळ बघ: लॅटिन 'कोन्सोब्रीनुस', अर्थ मावसभाऊ, त्याच्या पोटात 'सोरोर', म्हणजे 'स्वसृ'च, बहिणीबहिणींची मुलं. आता 'मावशी' उकल. 'मातृष्वसृ', प्राकृतात 'माउस्सिआ'. 'सिस्टर' मराठीत आहे, मावशीच्या 'शी'त.

सुधारलेली यादी आली की पुढचं बोलू.

तुझा शुभेच्छुक